बशीत ठेवलेला पाव

रविवार, १६ नोव्हेंबर

मुक्ता शिकायला फ्रान्सला गेल्यापासून आमचे रविवारचे फोन आखूड होत चाललेत. "जेवलीस?" "हो गं आई." की ठेवला फोन. म्हणून आज दुपारी नोएडाहून मेट्रोने मुद्दाम दिल्लीतल्या एका छोट्या फ्रेंच बिस्त्रोत गेले. ती तिकडे काय खाते ते कळलं, तर विचारायला काहीतरी मिळेल.

कांद्याचं सूप मागवलं. वेटरने पावाचे तुकडे थेट टेबलावर ठेवले. मी पटकन उचलून बशीत ठेवले. अन्न असं उघड्या टेबलावर? तो हसला, "मॅडम, फ्रान्स में ऐसे ही रखते हैं."

संध्याकाळी फोनवर सांगितलं तर मुक्ता खो-खो हसली. "आई यार, मीपण पहिल्या दिवशी हेच केलं! सगळे बघत बसले." मग कॉलेज, थंडी, रूममेटचं घोरणं. अर्धा तास बोलत होती. एका पावावरून!

मग तिने विचारलं, "कोणाबरोबर गेलीस?"

"ऑफिसातली रितू होती."

"बरं झालं!" केवढा सुस्कारा टाकला तिने. म्हणजे पोरगी तिकडे माझी काळजी करत बसते? खोटं का बोलले मी? पण एकटीच होते म्हटलं असतं, तर तिचं हसणं तिथेच थांबलं असतं.

रितूशी माझं बोलणं गुड मॉर्निंगपुरतंच. उद्या तिला विचारू का, येत्या शनिवारी जेवायला येतेस का म्हणून? नाही म्हणाली तर? विचारतेच.