चपला कुठी काढल्या

बाबा, परवा आपल्या टेकडीवर पंचनामा झाला. मोजणीवाली एक पोरगी, ग्रामसेवक, गावचे पाच पंच, म्हातारी काकी आणि मी. मी सरकारकडून नव्हतो आणि गावाकडूनही नव्हतो. ज्याच्या सहीपायी सगळ्यांना चढ चढावा लागला तो मी. नवा रस्ता टेकडीच्या कडेनं जाणार आहे आणि त्याची खूण नेमकी देवाच्या ठाण्यावर पडली आहे. गावानं हरकत घेतली, की इथं आमचा देव आहे. कचेरीनं जुनी यादी काढली, तालुक्यातल्या सगळ्या देवस्थानांची. आपल्या गावापुढे एकच शब्द आहे, निरंक, आणि पानाखाली माझी सही. त्यामुळे रस्तेवाले म्हणायला मोकळे झाले, की तेव्हा पाहणी झाली त्या वेळी इथं काही नव्हतं, दगड मागाहून आणून मांडलेत. सही मी अजून तशीच करतो, माझी नाही म्हणायचीही सोय नव्हती.

निरंक हा शब्द तुला मीच शिकवला होता. नोकरीचं पहिलं वर्ष, थंडीचे दिवस. कारकुनानं गावोगाव जाऊन यादी करायची होती. रकाने होते: देवस्थानाचं नाव, बांधकाम पक्कं की कच्चं, क्षेत्रफळ, कळस आहे की नाही. आमच्या गावात ठाणं आहे, ते कशात लिहू, असं मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "ठाणं? पोलिसांचं?" सगळी खोली हसली. मीही हसलो. तीन दगड आणि एक पणती, ना छप्पर ना मूर्ती, हे त्या टेबलापाशी सांगायची मला लाज वाटली. सरळच लिहितो, आता आडवळणं घेऊन काय करायचं. आपल्याच गावाला कशाला जायचं, सगळं तर तोंडपाठ आहे, असं मनाशी म्हटलं आणि खुर्चीवर बसल्या बसल्या निरंक लिहून टाकलं. अक्षर मात्र फार सुरेख काढलं होतं, परवा पाहिलं.

त्या रविवारी घरी आलो. आई चुलीजवळ सुपात तांदूळ निवडते आहे, तू भिंतीला टेकून बसला आहेस. सगळ्या तालुक्याचे देव मी कागदावर उतरवले, असं मी ऐटीत सांगतो. तू विचारतोस, "आपला लिवला का?"

"निरंक लिहिलं."

"म्हंजे?"

"म्हंजे काही नाई."

आईचा हात सुपात थांबला. तू चिडशील म्हणून मी तयारीत होतो, पण तू एवढंच विचारलंस, "जाऊन पाह्यलं?" मी हो म्हटलं. "चपला कुठी काढल्या?" मी म्हटलं, "येनाखाली." तू थोडा वेळ चुलीतलं लाकूड मागेपुढे करत राहिलास, मग आईला म्हणालास, "वाढ त्याले." मला वाटलं, सुटलो. त्या दिवशी अंबाडीची भाजी होती आणि मी दोनदा भात घेतला.

तू चपलांचंच का विचारलंस ते बाहेरच्या माणसाला कळणार नाही. ठाण्याला कुंपण नव्हतं, पायरी नव्हती. ते कुठं सुरू होतं हे फक्त त्या येनावरून कळायचं, म्हणजे पुस्तकातला ऐन, मगरीच्या पाठीसारख्या सालीचा. मोह गळायला लागला की पहिली फुलं द्रोणात घेऊन आपण चढायचो आणि तू मागे न बघता म्हणायचास, "येन आला, पाय उघडे." आपण ती फुलं ठेवल्याशिवाय आई एक फूल वेचायची नाही.

चपला काढायची ही सवय तुला सगळीकडेच होती. एका हिवाळ्यात तू मला वडशाकडे नाटक दाखवायला नेलंस. पडदा उघडायच्या आधी तू मला मागच्या बाजूला घेऊन गेलास. खलनायकाचं काम करणारा माणूस, तोंडाला रंग, काजळानं मिशा रेखलेल्या, वाकून रंगमंचाच्या फळीला हात लावत होता. वर चढताना तू चपला खालीच ठेवल्यास. इथं कुठं देव आहे, असं मी विचारलं. "त्याचं ठाणं हाये ते. त्याचं पोट त्याच फळीवर हाये, त्याचा देवबी तिथीच राह्यते." पुढे मला नोकरी लागली आणि तू कचेरीत आलास, तर दाराशीच चपला काढून अनवाणी आत. मी कुजबुजलो, "बाबा, इथं काढायच्या नसतात." तू टेबलाकडे पाहिलंस, फायलींकडे पाहिलंस. "मंग तू रोज कायच्यापुढं बसून राह्यतो?" मला राग आला, मी म्हटलं घाल आधी. तू घातल्यास आणि पुन्हा कधी कचेरीत आला नाहीस. तो प्रश्न मला तेहेतीस वर्षं पुरला आहे.

नंतर पुस्तकांतून मला वेदी पुष्कळ भेटली. यज्ञाची, लग्नाची, बलिदानाची. भाषणांत तर तिचा सुकाळच असतो. चित्रांतही पाहिली, परदेशच्या देवळांतली, संगमरवराची, मेणबत्त्या लावलेली. सगळीकडे ती चार बोटं तरी उंच असते, चढून जावं लागतं. तुझं ठाणं जमिनीबरोबर होतं, माणसालाच तिथं चपलेच्या तळव्याएवढं खाली यावं लागायचं. हे मला फार उशिरा कळलं. कळून उपयोग काय, त्या निरंकनंतर मी टेकडी चढलोच नव्हतो. सणाला यायचो, जेवायचो, संध्याकाळची एसटी पकडायचो. वर जायचं तोंड नव्हतं. तूही कधी चल म्हणाला नाहीस, आणि तुझ्या लक्षात आलं नसेल असं मी समजून चाललो. तू जाऊन एकवीस पावसाळे झाले, तरी तेच समजून चाललो होतो.

परवा जाताना मी खिशात जबाब लिहून नेला होता. "सदर नोंद पाहणीच्या वेळी नजरचुकीने राहून गेली." नजरचुकीने हा आमच्या कचेरीतला फार सोयीचा शब्द आहे, त्याखाली काहीही झाकतं. वर पोचता पोचता मोजणीवाली पोरगी थांबली. तिच्या पायात लेसचे बूट होते. "सर, बूट कुठे काढायचे?" एवढ्या माणसांत तिला एकटीलाच विचारावंसं वाटलं. मी मोठेपणानं म्हटलं, "त्या येनाखाली," आणि हात वर केला. हात दाखवत होता तिथं नुसतं आभाळ होतं.

काकी हसायला लागली. "अर्रे बाप्पा, कोणता येन? तू नोकरीले लागला ना, त्याच उन्हाळ्यात वादळानं पडला तो. तुह्या बाबानं खोडाले कोणाले हात लावू देल्ला नाई, जागीच कुजला. तवापासून आमी त्या मोहाखाली काढतो."

उन्हाळा आधी, थंडी नंतर. मी येनाखाली म्हणालो तेव्हा येन आडवा होऊन आठ महिने झाले होते. ताटात भात पडायच्या आधीच तुला सगळं कळलं होतं, आणि तू म्हणालास, वाढ त्याले.

मी मोहाखाली चपला काढल्या. दगड तीनच आहेत, पणती नवी आहे. त्या पोरीनं टेप सोडला आणि क्षेत्रफळ कुठून धरू विचारलं. सगळ्यांत म्हातारा पंच म्हणाला, "जिथी चपला काढल्या तिथून धर, बाई." तिनं तिथूनच धरलं. मग मी खिशातला जबाब काढून नजरचुकीनेवर रेघ मारली आणि मोहाच्या खोडाला कागद टेकवून लिहिलं, की मी पाहणीस प्रत्यक्ष गेलोच नव्हतो, नोंद कचेरीत बसून केली आहे. वाचून ती हळूच म्हणाली, "सर, हे तुमच्यावर येईल. तुमचे चारच महिने राहिलेत ना?" मी म्हटलं येऊ दे, आणि सही केली. अक्षर वाकडं आलं.

रस्त्याचं काय ठरतं ते अजून कळलेलं नाही. हे पत्र कुठं टाकायचं नाही, घडी करून टेबलाच्या खणात ठेवतो आहे. सरकारला लिहून दिलं ते आधी तुला सांगायचं होतं, बाबा. मी गेलो नव्हतो. तुला ते माहीत होतं, पण सांगायला मीच हवा होतो, आणि जेवायच्या आधी.