पासवरचं नाव

३ डिसेंबर, बुधवार
सकाळी दळण आणलं. दुपारी वानखेडे भाऊजी आले. हे आणि ते विधान भवनाच्या एकाच गेटवर पहाऱ्याला होते. हे ड्युटीवर असतानाच वारले त्याला आठ महिने झाले.
अधिवेशनात सुरक्षा कर्मचाऱ्यांच्या गौरवाचा ठराव आहे. ड्युटीवर असताना गेलेल्यांची नावं सभागृहात वाचणार. घरच्यांना गॅलरीत बसता येईल. "यायचंच बरं का वहिनी. पास निघाला तुमचा."
पंधरा वर्षं यांनी ते गेट राखलं. यांचं नाव आत घेतलेलं एकदा ऐकायचं आहे. एवढंच.

९ डिसें., मंगळवार
साडेदहाला गेटवर. पास हातात आला, त्यावर नाव कुसुम. आधार कार्डावर शोभा. लग्नात बदललेलं, सगळीकडे तेच. यांनी मात्र ऑफिसच्या फॉर्मवर माझं माहेरचं नाव लिहिलेलं. घरात तेच म्हणायचे. कागदावरही तेच लिहितील असं...
तपासणीची बाई म्हणाली, नाव जुळत नाही. भाऊजी धावत आले.
"चला जी वहिनी, मी सोडतो. तुमाले कोन नाही ओळखत इथं?"
"यांनी सोडलं असतं?"
भाऊजी हसले. "छे! माह्यं कार्ड घरी राहिलं त तासभर उभं ठेवलं मले. वरून म्हने, तुले मी ओळखतो गा, पन गेट कार्डालेच ओळखते."
मी एकदा डबा घेऊन गेले, तर यांनी मलाही बाहेरूनच परत पाठवलं होतं. दोन दिवस बोलले नव्हते मी.
पास परत दिला. समोरच्या झाडाखाली दीडपर्यंत उभी राहिले. तिथे आतलं काही ऐकू येत नाही.

१० डिसें.
भाऊजींचा फोन. नावं वाचली, पण ते स्वतः गेटवर होते. आतला एक जण म्हणतो यांचं वाचलं. दुसऱ्याला आठवत नाही. "इचारून सांगतो वहिनी." नको म्हणणार होते. म्हटलं नाही.

१३ डिसें., शनिवार
गौरवपत्र घरी येणार आहे. त्यासाठी अर्ज आला. पत्नीचे नाव: कुसुम. खाली रकाना, ‘दुरुस्ती असल्यास’.
नियमाने शोभा लिहायला हवं. हे असते तर लिहायलाच लावलं असतं. की नसतं?
पेन उघडून बसले. मग बंद केलं.
तुरीच्या शेंगा आणल्या होत्या. एकटीपुरते सोले काढले.