हवेच्या तळाशी सहा घोडे

प्रिय वालबुर्गाताई,

धाकट्या ओटिलियाचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? फाइटभावजींचा खोकला हटला का? इकडे मी ठीक, डुकरं ठीक. घोड्यांची मात्र अब्रू गेली. (बातमी तिकडे पोचली असेल तर विश्वास ठेवू नकोस, माझ्याकडूनच ऐक.)

आमचे वैद्य झांडर तुला आठवतात ना, तुझ्या गुडघ्याला जळवा लावणारे? मागदेबुर्गला झाला तसा प्रयोग आपणही करावा असं त्यांच्या डोक्यात शिरलं. त्यांनी पीठ मळायच्या परातीएवढ्या दोन तांब्याच्या अर्धगोल वाट्या करवल्या, मध्ये मेणात भिजवलेलं चामड्याचं कडं ठेवून तोंडाला तोंड लावलं आणि पंपाने आतली हवा उपसली. आता घोड्यांनी या सोडवून दाखवाव्यात, म्हणाले. मी हसलेच. माझे घोडे भरलेली बिअरची पिपं चढावर ओढतात! इकडे तीन, तिकडे तीन जुंपले. ग्राउमान घोड्याने तर इतका जोर लावला की त्याचे डोळे बाहेर आले आणि आणखी जे बाहेर आलं ते पाद्रीबाबांच्या नव्या जोड्यावर पडलं. वाट्या ढिम्म. मग वैद्यांनी एक चिमुकली तोटी फिरवली, फुस्स झालं, आणि त्यांची मोलकरीण एका हाताने वाटी उचलून घेऊन गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हापासून हेनिंग क्रुलला (तोच, ज्याची बिअर प्यायली की पोटात बेडूक ओरडतात) कंठ फुटलाय. "ओटिलियाबाईंची बिअर घोड्यांच्याही अंगी लागत नाही वाटतं!" असं भर बाजारात म्हणाला. मिखाएलच्या जत्रेची बिअर यंदा त्याच्याकडून घ्यायचं घाटतंय. जत्रा हातची गेली तर यॉर्गच्या माघारी मी विधवेने रेटत आणलेली ही बिअरची भट्टी बंदच करावी लागेल.

म्हणून वैद्यांशी भांडायला गेले. "बाई, तुमचे घोडे हरले नाहीत," ते म्हणाले, "त्यांना अख्ख्या आभाळाशी झुंजवलं होतं." हवेला म्हणे वजन असतं, आणि आपण सगळे हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो. "मग मी चिरडले कशी नाही?" "आतूनही तितकाच जोर बाहेर येतो, म्हणून." मी म्हटलं, "डोकं ठिकाणावर आहे ना?" आणि दार आपटून निघाले. असल्या वेडगळ माणसाच्या नादी मी पुन्हा लागायची नाही.

पण परतताना तटाबाहेरच्या कुरणात चादरी वाळत घातल्या होत्या त्या काढायच्या होत्या. काढायच्या सोडून मी गवतात आडवी झाले. वर एक करकोचा पंख न हलवता चालला होता, आणि मला एकदम वाटलं, तो पोहतोय. ढगांचे तळ खालून दिसत होते, नदीतल्या माशाला होड्यांचे दिसत असतील तसे. चर्चच्या घंटेचा आवाज हळूहळू बुडत खाली आला. ताई, यॉर्ग गेल्यापासून छातीवर एक ओझं आहे. मला वाटायचं ते माझ्या एकटीच्याच वाट्याला आलंय. म्हणजे ते सगळ्यांवरच आहे तर! तुझ्यावर, पाद्रीबाबांवर, त्या मेल्या क्रुलवरसुद्धा. आणि आतून काहीतरी तितक्याच जोराने ते उचलून धरतंय. मी किती वेळ पडून होते कोण जाणे. चादरींवर बकऱ्या बसून गेल्या.

असो. मुलांना पापे.

तुझी,
ओटिलिया

ता. क. येत्या रविवारी क्रुलचे आठ घोडे वाट्या सोडवणार आहेत. सुटल्या तर माझे घोडे मरतुकडे ठरले आणि जत्रा गेली. नाही सुटल्या तर कोण काय बोलतो ते मी बघते. वैद्यांचं जुनं कडं चिरलंय. भावजींना सांग, तुमच्या चामड्याच्या दुकानातलं बैलाच्या पाठीचं जाड कातडं घेऊन नवं कडं कापा, शुक्रवारच्या गाडीने पाठवा. (माप वैद्यांनी काढून दिलंय, सोबत दोरी आहे. हो, गेले होते परत. रोजच जाते.)

ता. क. कड्यातून हवा गळली तर नुसती जत्रा जाणार नाही, ताई; माझ्या डोक्यावरचा तो अख्खा समुद्र जाईल. कित्येक वर्षांनी मी त्याच्या तळाशी शांत झोपते आहे. भावजींना म्हणावं, मेण हात राखून लावू नका.