डेलियाशेजारी जागा देणे आहे

३ तारीख, सकाळ
ही लेकीकडे गेली. फाटकातून तीनदा मागे वळली. डेलियासाठी. महिनाअखेरीस फुलांचं प्रदर्शन. दरवर्षी शेजारचे कंपाउंडर पहिले, ही दुसरी. अहो, यंदा तरी मला पहिलं येऊ द्या, फक्त पाणी घाला, बाकी काही करू नका, म्हणाली. जन्मभर मी बाकी काय केलंय?
संकल्प : रोज देखरेख. शिवाय डेलियावर कविता, कुंडीला लावायला.

५ तारीख
कुंडीवर चंदेरी रेघ. चांदण्याने सही करावी तशी! माग काढला, तर बिनशंखाची गोगलगाय. पाठ उघडी. आमच्या शाळेच्या पुस्तकातली कशी ऐटीत घर घेऊन हिंडायची!

६ तारीख
नातीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पाहिलं. यांच्या पूर्वजांना शंख होता, पुढे तो गेला. म्हणजे वडिलोपार्जित घर गेलं! कंपाउंडर कुंपणावरून म्हणाले, कविराज, उचला आणि साबणाच्या पाण्यात टाका. स्पर्धक माणूस, सल्ला कशाला ऐकायचा?
रिकाम्या कुंड्या पालथ्या घातल्या, खाली ओला पाला. स्वतःचं घर मिळाल्यावर दुसऱ्याच्या दारात कोण जातंय?

१० तारीख
घरं पसंत पडली. दाटीवाटीने राहतात. अंगाला उजवीकडे एक भोक, तेच नाक. डोळे शिंगांच्या टोकावर. शिवाय प्रत्येक जण नरही आणि मादीही. म्हणजे भांडण झालं तर माहेरी कुणी जायचं?
कवितेची पहिली ओळ सुचली. मग झोप लागली.

१३ तारीख
डेलियाच्या पानांची चाळण. चिमण्या! हातवारे करून बजावलं.

१५ तारीख
पालथ्या कुंडीखाली काचेच्या मण्यांसारखे दाणे. हिचं खत सांडलेलं दिसतंय. चमच्याने उचलून डेलियाच्या मुळाशी घातले, वर पाणी.
हिचा फोन. म्हटलं, खतसुद्धा घातलं. पलीकडे शांतता, गहिवरली असावी. मग कुठलं खत, कुठलं खत, असं विचारत होती, तेवढ्यात फोन कट झाला. मीच केला.

२१ तारीख
चिमण्यांनी कळ्याही सोडल्या नाहीत. एकच उरली. आज रात्री बॅटरी घेऊन पहारा.

२२ तारीख, पहाट
डोळा लागला. चपलेवर चंदेरी रेघ. कविता मात्र पुरी झाली! कागद काडीला अडकवून कुंडीत रोवला.

२६ तारीख
ही आली. डेलियाचा नुसता दांडा. मातीत तांदळाच्या दाण्याएवढी पिल्लं. हिने एक पालथी कुंडी उचलली आणि बघतच राहिली. अहो, यांना घरं कुणी बांधून दिली, म्हणाली. बेघर होत्या, म्हटलं.
ही पायरीवर बसली. म्हटलं, कुंडीसाठी कविता मात्र पुरी केली. मग ती तरी वाचून दाखवा, म्हणाली. पाहतो तर काडीला कागदाचा एक कोपरा. बाकी खाल्लेला. शाळेतल्या साऱ्या कविता अजून तोंडपाठ. स्वतःची एक ओळ आठवेना.

३० तारीख, संध्याकाळ
प्रदर्शन झालं. कंपाउंडर पहिले. ही दुसरीसुद्धा नाही. घरी येऊन लुगडंही न बदलता हिने माझ्या हातात चिमटा दिला, पुढ्यात साबणाच्या पाण्याची बादली ठेवली.
पहिली उचलली. तिने चारही शिंगं आत ओढून घेतली आणि गप्प राहिली.
काही विचारलं की तुम्ही असंच करता, ही म्हणाली.
मी गप्प राहिलो.
टाका, म्हणाली. टाकली.