ड्रायरची घरघर आणि हिचं प्रेशर

३ मार्च, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. पुढे पुरावा म्हणून उपयोगी पडेल.

शनिवारी वाचनालयात आरोग्याच्या मासिकात लेख वाचला. खालच्या पट्टीतला आवाज! कानाला जेमतेम कळतो, पण भिंतीतून, खाटेतून अंगात शिरतो. माणूस झोपतो, शरीर मात्र ताण घेत राहतं. प्रेशर वाढतं आणि शेवटी सगळं हृदयावर येतं. वाचता वाचताच छातीत धडधडलं. आमच्या झोपायच्या खोलीच्या बरोब्बर खाली लाँड्री आहे. तिथे कपडे वाळवायचा ड्रायर आहे, कपाटाएवढा. सकाळी सहाला सुरू. घूंऽऽऽ. गेली चार वर्षं. आणि चार वर्षं मी समजतोय की पंखा!

एकतीस वर्षं मी वाचनालयात लोकांना गप्प बसवतोय. शांतता म्हणजे काय हे मला कुणी शिकवू नये. हिला उठवून अख्खा लेख वाचून दाखवला. ही म्हणाली, सहा वाजलेत. मी म्हटलं, तेच तर म्हणतोय!

संकल्प : पंधरा दिवसांत ड्रायर बंद.

४ मार्च, मंगळवार
शास्त्रीय प्रयोग. फरशीवर पाण्याचा ग्लास ठेवला. पाण्यावर तरंग! हिला हाक मारून दाखवले. ही म्हणाली, तुमचा पाय हलतोय. पाय थांबवला. तरंगही थांबले. पण त्याच क्षणी खाली ड्रायर थांबला असणार, हे हिला मान्यच नाही.

दुपारी फरशीला कान लावला. कंबर धरली. हिने उठवलं.

५ मार्च, बुधवार
खाटेच्या चारही पायांखाली रबर घातलं. घरात रबर म्हणजे हिच्या चपला. दोनच निघाल्या, त्या कापून चार तुकडे केले. एक तुकडा टाचेचा असल्यामुळे खाट एका बाजूला उतरती झाली. ती बाजू हिची. ही काही बोलली नाही. पटलं असावं.

६ मार्च, गुरुवार
डॉक्टरांकडे गेलो. माझं प्रेशर १२२/७८. पुन्हा घ्यायला लावलं. १२०/७८. मी म्हटलं, मशीन तपासून घ्या. डॉक्टर म्हणाले, या वयात असं प्रेशर म्हणजे पेढे वाटा. माझा मूडच गेला.

सोबत आलीच आहे म्हणून हिचंही बघितलं. १५६/९८!

मला इतका आनंद झाला. म्हणजे काळजी वाटली. डॉक्टरांना लगेच ड्रायरचं सांगितलं. ते हसले नाहीत, हे लिहून ठेवतो. म्हणाले, सततच्या आवाजाचा हृदयावर परिणाम होऊ शकतो, ते थोतांड नाही. पण हिच्या बाबतीत कारण तेच, हे कशावरून? मग त्यांनीच उपाय काढला. दंडाला पट्टा, कमरेला डबी. चोवीस तास दर अर्ध्या तासाने प्रेशर आपोआप नोंदलं जातं. त्या त्या वेळी आपण काय करत होतो ते पेशंटने कागदावर लिहायचं. पेशंटनेच, हे डॉक्टरांनी माझ्याकडे बघून दोनदा सांगितलं. मंगळवारी पट्टा बांधायचा.

आता दाखवतोच. हा सूर्य, हा जयद्रथ.

९ मार्च, रविवार
सेक्रेटरींना गाठलं. गृहस्थ निवृत्त व्यायामशिक्षक. खाजगीत बोलले तरी चौथ्या मजल्यावर ऐकू जातं. शनिवारी सोसायटीची मीटिंग लावायचं कबूल केलं. पुरावा पक्का असेल तर ड्रायर काढायला सांगू म्हणाले.

खाली उतरून लाँड्रीवाल्या बाईंना रीतसर कल्पना दिली. त्यांचा चेहरा उतरला. ड्रायर गेला तर हॉटेलच्या चादरींचं काम जाईल, आणि चादरी गेल्या तर लाँड्रीत उरतं काय, म्हणाल्या. दोन मुलींना घेऊन एकट्या चालवतात. मला वाईट वाटलं. पण हृदयापुढे चादरी काय!

घरी आलो तर ही फुरंगटलेली. म्हणाली, ती बाई माझी मैत्रीण आहे. चार वर्षांत मला हे माहीत नव्हतं. लपवाछपवी बरी नव्हे, असं बजावलं.

११ मार्च, मंगळवार
पट्टा बांधला. दिवस नेहमीसारखा गेला पाहिजे असं डॉक्टर म्हणाले होते, म्हणून मी खास रजा काढून घरी थांबलो.

९.३० ला पट्टा फुगला. हात हलवू नको म्हणालो. १० ला श्वास कसा घ्यायचा ते करून दाखवलं. १०.३० ला ही कागदावर काहीतरी लिहीत होती. डोकावलो तर कागद उलटा केला. पुराव्याची गोपनीयता. कौतुक वाटलं. ११ ला शांत वाटतंय का विचारलं. ११.३० ला पुन्हा विचारलं, कारण आधीचं उत्तर जरा तुटक होतं.

दोनला वाचनालयातून फोन आला. नवीन पुस्तकांची खोकी आलीत, किल्ली माझ्याकडे. काय वेळ साधतात लोक! नेमकं त्याच वेळी खाली ड्रायर जोरात सुरू. हिला एकटीला त्या घूंऽऽ मध्ये सोडून जावं लागलं. पाचला परत आलो तर दाराला कुलूप. ही साडेपाचला आली. जरा पाय मोकळे करायला गेले होते, म्हणाली. आवाज सोसला नसणार बिचारीला.

१३ मार्च, गुरुवार
आलेख आला. डॉक्टरांनी हिला एकटीला आत बोलावलं. वीस मिनिटं. बाहेर आली ती हसत. फक्त गोळ्या सुरू करायच्या म्हणाली. धीराची बाई आहे.

मी आलेख बघणार होतो, पण बघितला नाही. बघितला तर लोक म्हणतील, ह्यानेच खाडाखोड केली. डॉक्टरांनाच आलेख आणि हिची नोंद एका लिफाफ्यात बंद करायला लावली. तो थेट मीटिंगमध्ये उघडायचा आणि सेक्रेटरींनी मोठ्याने वाचायचा. डॉक्टर म्हणाले, एकदा वाचून मग ठरवा. मी म्हटलं, सत्याला कसली भीती? हिला विचारलं, तुझी काही हरकत? ही लगेच नाही म्हणाली. जरा जास्तच लगेच.

१५ मार्च, शनिवार. संध्याकाळी ६.३०, मीटिंगच्या हॉलमध्ये
भाषण तयार. चार पानं. इस्त्रीचा शर्ट (इस्त्री त्याच लाँड्रीची, पण तत्त्व वेगळं, शर्ट वेगळा). लाँड्रीवाल्या बाई कोपऱ्यात उभ्या आहेत, हातातल्या रुमालाचा पार बोळा झालाय. जिंकल्यावर त्यांच्याशी मोठ्या मनाने दोन शब्द बोलायचं ठरवलंय.

तोच दिवस. रात्री ९
भाषण झालं. टाळ्या दोन. मग लिफाफा.

जसं वाचलं तसं लिहितो. सेक्रेटरींचा आवाज अजून कानात आहे, त्यामुळे चूक होणार नाही.

९.३० : १५४. हे म्हणतात हात हलवू नको. हलवलाच नव्हता.
१०.०० : १६०. हे मला श्वास घ्यायला शिकवतायत. मी त्रेपन्न वर्षं घेते आहे.
१०.३० : १६४. माझ्या चपलांची आठवण आली.
११.०० : १६६. शांत वाटतंय का विचारलं.
११.३० : १७२. पुन्हा विचारलं.

इथपर्यंत लोक तोंडावर हात धरून होते. मी म्हटलं, पुढे दुपारचं वाचा, ड्रायर जोरात होता तेव्हाचं. सेक्रेटरींनी वाचलं.

२.३० : १३४. हे बाहेर गेले.
३.०० : १२६. लाँड्रीत आले. ड्रायरला पाठ टेकून बसलेय. छान ऊब आहे.
३.३० : १२०. चहा झाला. गप्पा.
४.०० : ११८. डुलकी लागली.
५.३० : १५८. घरी. कुठे होतीस?

ही ओळ सेक्रेटरींनी कवायतीची ऑर्डर दिल्यासारखी वाचली. पुढचं लोकांनी वाचूच दिलं नाही. हसून हसून एकाची खुर्ची मोडली. लाँड्रीवाल्या बाई तेवढ्या हसल्या नाहीत. रडल्या, आणि हिच्या गळ्यात पडल्या. ड्रायर राहील, ठराव एकमताने मंजूर. एकमताने म्हणजे मीही हात वर केला. नाही कसा करणार?

जिने चढताना मी हिला म्हटलं, घरात सांगायचं होतंस. ही म्हणाली, सांगत होते.

१६ मार्च, रविवार
सकाळी सहा. घूंऽऽऽ. ही गाढ झोपलेली. उठवलं नाही. लेखात हृदयाला घातक गोष्टींची मोठी यादी होती. पुन्हा काढून वाचली. नवऱ्यांचा उल्लेख नाही. लेख अपुरा आहे.

मग बराच वेळ हिच्या श्वासाकडे बघत बसलो. १७२ म्हणजे गंमत नव्हे. हिला काही झालं असतं तर मी ड्रायरला धरून बसलो असतो. भीती वाटली. खरी भीती.

२० मार्च, गुरुवार
चार दिवस प्रश्न विचारले नाहीत. दिवसाला एक सोडून. तो जेवणाबद्दल असतो.

हिला डॉक्टरांकडे नेलं. १३२/८४. गोळी लागू पडतेय म्हणाले. मी हा आकडा नंतर ऐकला. प्रेशर घेताना मी बाहेर बाकावर होतो. डॉक्टर मला आत या म्हणाले होते. हीच म्हणाली, तुम्ही बसा इथेच.