एका परातीतले चार हात

माय,

तुझी भांडण मिटवायची रीत मी माझ्या नोकरीत वापरली, आणि त्यात एका बाईचा हात मोडला. तू गेलीस तेव्हा मी नुकती शिकवायला लागले होते. आता आदिलाबादला विद्यापीठात आहे, आणि शिकवण्याच्या जोडीला माझ्याकडे एक भलतंच काम आहे. विद्यार्थी, मास्तर, पहारेकरी, मेसमधल्या बाया, सगळ्यांना प्रशिक्षण द्यायचं: तंटा कसा मिटवायचा, समोरच्याचं कसं ऐकायचं, राग आला तर कसं बोलायचं. तू खो खो हसली असतीस. "बोलाचाबी पगार भेटते काय वं?" म्हणाली असतीस. भेटतो माय, चांगला भेटतो.

उटनूरच्या त्या आश्रमशाळेचं स्वयंपाकघर मला अजून जसंच्या तसं दिसतं. धुरानं काळं पडलेलं छप्पर, तीन चुली, आणि त्यांच्यापुढे तुम्ही पाच बाया. एकदा दोघींचं पाण्याच्या बादलीवरून जुंपलं. एकीनं दुसरीचे केस धरून तिचं तोंड चुलीकडे दाबलं, दुसरीनं हाताला लागलं ते जळतं लाकूड तिच्या मांडीवर टेकवलं. मांस जळाल्याचा वास आला आणि मी दारातच ओकले. तू ओरडली नाहीस. उचलली बादली आणि दोघींवर ओतली. मग जळल्या मांडीला फडकं बांधून दोघींना एका परातीपुढे बसवलंस. ज्वारीचं पीठ, कढत पाणी, चार हात. "मळा. पीठ मऊ होईस्तोवर तोंड उघडायचं नाही." पीठ नीट मळलं नाही तर भाकरीला चिरा पडतात, आणि मग जेवणाऱ्या दीडशे पोरांना कळतं की आज आत काहीतरी बिनसलंय. दोघी रडत मळत होत्या, हाताला हात लागत होते. त्या भाकरीला चीर पडली नाही. मी पाचवीत होते, पण हे मी पक्कं ध्यानात ठेवलं.

आणखी एक दिवस ध्यानात ठेवला. वरणात खडा निघाला म्हणून वॉर्डननं ताटातलं गरम वरण तुझ्या पायावर फेकलं. तू वाकून पाय पुसायला लागलीस, आणि मी पितळेचा गिलास त्याच्या कपाळावर फेकून मारला. तो उठायच्या आत तू मला धरलंस. चुलीजवळची फुंकणी घेतलीस आणि त्याच्यासमोर मला मारत सुटलीस, पाठीवर, पोटऱ्यांवर, तो कंटाळून "बस झालं" म्हणेपर्यंत. घरी जाताना मी तुझ्यापासून दहा पावलं लांब चालत होते. नाल्यापाशी तू थांबलीस आणि म्हणालीस, "त्यानं मारलं असतं तं हात मोडला असता तुहा. मी हाड सोडून मारलं." मला तेव्हा तुझा फार राग आला होता. त्या दिवशी ठरवलं की आपण आयुष्यात कोणावर हात उचलायचा नाही. आणि नाही उचलला, या पावसाळ्यापर्यंत.

झालं असं. वसतिगृहाच्या मेसमध्ये भातात अळी सापडली. पोरांनी ताटं भिरकावली, एका ताटाच्या कडेनं वाढणाऱ्या माणसाची भुवई फाटली, मग पहारेकऱ्यांनी पोरांना काठ्यांनी झोडपलं. काचा फुटल्या, दोन दिवस जेवण बंद. वरून हुकूम आला, मॅडमचं शिबिर ठेवा. दोन दिवस मी तक्ते लावून बोलले. पालथ्या घड्यावर पाणी. पोरं मोबाइल बघत होती, बाया खाली बघत होत्या. तिसऱ्या दिवशी मला तू आठवलीस. मी सगळ्यांना मेसच्या स्वयंपाकघरात नेलं, चार पराती मांडल्या, प्रत्येक परातीला एक पोरगा आणि एक कामाची बाई. "डोळे मिटा आणि बोलू नका," मी म्हणाले. "फक्त मळा." डोळे मिटायचं माझ्या पदरचं, पुस्तकी. तुझ्या बाया एकाच वस्तीतल्या होत्या, एका घागरीतलं पाणी पिणाऱ्या, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आपल्या जातीत वाढलेल्या माझ्यासारखीला ते कळू नये! खुर्चीवर बसलं की माणूस हेही विसरतो.

शेवटच्या परातीवर मुधोळकडचा एक पोरगा होता, घरची शेती, बोलायला चुरचुरीत. त्याच्यासमोर मेसमधली सगळ्यांत जुनी बाई, आपल्यातली. तिला सगळे मावशी म्हणतात. आधी भैंशाच्या जिनिंगमध्ये कापूस वाहायची, आता कंत्राटावर भाकऱ्या थापते. तिची बोटं पिठात त्याच्या बोटांना लागली तसा त्यानं हात ओढून घेतला आणि पँटला पुसला. हळूच म्हणाला, "हे पीठ फेका. या लोकांनी हात घातलेलं मी खात नाही." मी जवळच उभी होते. मावशीनं डोळे उघडले. "तीन सालापासून कोनाच्या हातचं खाऊन राह्यला बाबू?" तिनं विचारलं, रागानं नाही, खरंच विचारलं. तो म्हणाला, "तवा दिसत नव्हतं." आणि त्यापुढे आपल्या जातीचं नाव घेतलं, थुंकल्यासारखं.

मी त्याला कानाखाली मारली. माय, हाड सोडून नाही मारली. सगळ्या जोरानिशी मारली. त्याचं डोकं मागच्या फळीवर आपटलं. तो माझ्या अंगावर हात उगारून आला, आणि मावशीनं तव्यावरचं लोखंडी उलथणं उचलून त्याच्या कपाळावर घातलं. आता सगळ्यांचे डोळे उघडले होते. त्यांना दिसलं ते एवढंच: कपाळातून रक्त वाहणारा पोरगा आणि उलथणं घेऊन उभी बाई. त्याचे दोस्त तिच्यावर तुटून पडले. तिला खाली पाडून लाथा घातल्या, उलथण्याचा हात बुटाखाली दाबला, आणि तो मोडल्याचा आवाज मी ऐकला. पिठात रक्त पडलं होतं. मी ओरडत होते, पण दोन दिवस शिकवलेलं एक वाक्यही माझ्या तोंडातून निघालं नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

चौकशी समिती तेलुगू बोलणारी. मावशीला बाजारापुरतं तेलुगू येतं, म्हणून समितीतले साहेब मला म्हणाले, तुम्हीच सांगा त्या काय म्हणतायत. प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन ती बोलली. "पोरानं आमच्या जातीचं नाव घेतलं. मॅडमवर हात उचलला म्हून मी मारलं. मॅडमनं कोनाले हात लावला नाही." शेवटचं खोटं होतं, आणि ते ती माझ्यासाठी बोलली. मी भाषांतर केलं. पीठ मळण्यावरून गैरसमज झाला, मुलगा माझ्या अंगावर आल्यासारखं वाटलं, म्हणून तिनं मारलं, मॅडमनं कोणाला हात लावला नाही. तिचं खोटं मी शब्दशः सांगितलं आणि तिचं खरं गाळलं. जातीचं नाव निघालं असतं तर पोलीस आले असते, आणि पहिला हात कोणाचा हे विचारलं गेलं असतं. समोर बसलेला पोरगाही माझ्या थापडीबद्दल चकार शब्द बोलला नाही. बोलला असता तर ती थापड कशासाठी बसली हे त्याला सांगावं लागलं असतं. त्याचं आणि माझं न बोलता जुळलं. इतका सुसंवाद माझ्या एकाही शिबिरात झाला नव्हता.

मावशीला कळलं. बाजारापुरतं का होईना, तेलुगू येतं तिला, आणि आपल्या जातीचं नाव तर कुठल्याही भाषेत ओळखू येतं. ते माझ्या तोंडून आलं नाही हे तिनं ऐकलं. माझ्याकडे एकदा बघितलं आणि सांगितलं तिथं डाव्या हाताचा अंगठा लावला. बाहेर व्हरांड्यात मी तिला विचारलं, "माझं नाव काऊन नाही घेतलं?" ती म्हणाली, "आपली एक पोरगी खुर्चीवर हाय. तिले मीच कशी खाली ओढू?" मग चप्पल शोधायला लागली. एका हातानं चप्पल सरळ करता येईना, तर मी वाकले. तिनं पाय मागे घेतला. "राहू द्या मॅडम," म्हणाली. समितीपुढचं सोडलं तर तिनं मला कधी मॅडम म्हटलं नव्हतं. एरवी ती मला बाई म्हणायची.

सोमवारी तिला काढायचं की ठेवायचं ते ठरणार आहे. काढणारच आहेत. पोराला ताकीद देऊन सोडलंय, आणि मला पुढच्या सहामाहीत असंच शिबिर सगळ्या वसतिगृहांत घ्यायला सांगितलंय. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण या चोराला वर बक्षीसही मिळालं. माझी लाज मला जेवू देत नाही.

खरं सांगते, हा कागद तुझ्यासाठी काढला नव्हता. रजिस्ट्रारसाहेबांना लिहायला बसले होते, पहिली थापड माझी, आणि भाषांतर मी खोटं केलं, एवढ्या दोन ओळी. तीनदा सुरुवात केली आणि तीनदा फाडलं. चौथ्यांदा वर 'माय' लिहिलं, तर हात थांबलाच नाही. तुला लिहिणं सोपं आहे. तू मला कामावरून काढू शकत नाहीस.