सालगादु

पिपरी मेघे, वर्धा
११ फेब्रुवारी २०२५

प्रिय रत्नदीप,
सप्रेम जय भीम.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तुझा आवाज आला की मी खोटं बोलते. तीन आठवडे तेच केलं.

लिस्बनला थंडी असेल. इथे दुपारचं ऊन लागायला लागलं. तू बेकरीत जे विकतोस त्या ‘सालगादु’चा अर्थ आईनं विचारला होता, आठवतं? खारे पदार्थ, एवढं म्हणालास आणि गिऱ्हाईक आलं म्हणून फोन ठेवलास. पुढचं मी शाळेतल्या संगणकावर शोधलं. मूळ शब्द लॅटिन, ‘साल’ म्हणजे मीठ. त्यावरून मीठ लावणं, आणि मीठ लावलेलं ते सालगादु. किंमत फार असली तरी सालगादुच म्हणतात. काही घरांचं तर ते आडनावच आहे.

आई हसली. “मले मीठ बंद, अन् लोकायचं आडनावच खारट.”

ते तिचं शेवटचं हसणं.

डायलिसिस चालू आहे, असं मी तुला सांगत होते. नव्हतं. जानेवारीत तिनंच बंद केलं. हातावर सुई टोचायला जागा उरली नव्हती. मी खूप भांडले. ती म्हणाली, “मी आता नाई जात. त्याले सांगू नोको, तो धावत येईन.” तिथे राहायच्या परवान्याचे कागद हातात यायच्या आधी देश सोडला तर परत आत घेणार नाहीत, हे तूच तिला सांगितलं होतंस.

मागच्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, मागतील ते द्या. मी वांग्याची भाजी आपल्यासारखं मीठ घालून केली. दोन घास खाऊन तिनं ताट सारलं. “काहीच लागून नाई राह्यलं,” म्हणाली.

रविवारी सकाळी ती गेली. दुपारी तुझा फोन आला तेव्हा ती झोपली आहे असं मी सांगितलं. लोक अंगणात बसले होते. अग्नी मी दिला.

हे पत्र पोहोचेपर्यंत तिच्या पुण्यानुमोदनाचा विधीही झालेला असेल. मी मुद्दामच तसं केलं. आईची इच्छा म्हणून, असं लिहिणार होते, पण ते अर्धंच खरं आहे. तू येऊन इथेच अडकला असतास, तर रोज तुझं तोंड पाहणं मला झेपलं नसतं.

क्षमा मागत नाही. तुझ्याकडून ती होणारही नाही.

‘तुझी ताई’ लिहायला हात धजत नाही.

काजल